'ठेक्याचे असेच', 'रात्रवाले तसेच': लाईनवरची ही भाषा थांबवायची कशी?

हिंगणा_एचआर विचारतात:

नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीतलं कोरुगेटेड (नालीदार पुठ्ठ्याच्या) बॉक्सचं युनिट आहे. एकूण ६४ माणसं. ४८ कंपनीच्या रोलवर, १६ ठेकेदारामार्फत. तीन पाळ्या. काम चालतं, डिस्पॅच वेळेवर जातो, पण बोलण्यात सगळीकडे शिक्के आहेत. "ठेक्याची पोरं टिकत नाहीत", "रात्रवाल्यांची पेस्टिंग सुटणारच", "बाया ओव्हरटाइमला थांबत नाहीत", "एमपीवाले पगार झाला की गायब". पाळी बदलताना लिहायच्या रजिस्टरमध्येसुद्धा हेच उतरतं. परिणाम असा की ठेक्याची मुलं काही बिघडलं तर सांगतच नाहीत, कारण सांगितलं की खापर त्यांच्याच डोक्यावर फुटतं.

"एकमेकांचा आदर करा" असा फलक लावून झाला, दोन तासांचं व्याख्यानही झालं. फरक शून्य. शॉप फ्लोअरवर सोमवारपासून करता येईल असं काही असेल तर सांगा. तत्त्वज्ञान नको.

---

पाळीप्रमुख:

फलक उतरवा आणि पाळीचं रजिस्टर हातात घ्या. बोलणं दिवसभर हवेत विरतं, लिहिलेलं मात्र पुढच्या पाळीला सकाळी सात वाजता चहाबरोबर वाचायला मिळतं. तिथे "रात्रवाल्यांनी नेहमीप्रमाणे माल खराब केला" असं असेल तर पहिली पाळी कामाला लागण्याआधीच तिचं मत ठरलेलं असतं. शिवाय या वाक्यात काहीच कळत नाही. कोणती लाईन, किती माल, केव्हापासून?

तीच नोंद अशी लिहिली तर:

"रात्री २:४०. पेस्टिंग लाईन २. पाच प्लाय, ५०० पैकी ३५ बॉक्सची कड सुटली. गम सायंकाळी ६ चा. व्हिस्कॉसिटी कप: ६ वाजता ४२ सेकंद, २:४० ला २९ सेकंद. नवीन बॅच घेतली, पुढचे १०० तपासले, ठीक. रात्री ११ ला गम पुन्हा मोजावा."

आता यात रात्रवाले कुठे आहेत? कुठेच नाहीत. स्टार्चचा गम साठवून ठेवला की त्याची घट्टता बदलते. कपातून गम वाहून जायला लागणारे सेकंद मोजायचे, सेकंद कमी म्हणजे गम पातळ. सायंकाळचा गम मध्यरात्रीनंतर वापरला तर कड सुटणारच, मग तो दिवसवाल्याने लावलेला असो की रात्रवाल्याने. 'रात्रवाले असेच' म्हटल्यावर गमाची बादली तपासायला कोणी जातच नाही, खरं नुकसान तिथे होतं.

रजिस्टरच्या पानावर रकाने पाडून घ्या: वेळ, मशीन, काय दिसलं, किती पैकी किती, लगेच काय केलं, पुढच्या पाळीने काय बघायचं. माणसाच्या नावाचा रकाना नको. ऑपरेटर कोण होता ते हजेरीत आहेच, लागलं तर बघता येतं. आणि चार शब्द बाद करा: नेहमी, कधीच, सगळे, आणि शेवटी '-वाले' लागणारा कोणताही शब्द. '-वाले' फार सोयीचा प्रत्यय आहे आपला. नाईटवाले, ठेकेवाले, एमपीवाले, स्टोअरवाले. एका माणसाचं काम दोन अक्षरांत सोळा जणांच्या अंगावर टाकता येतं.

हे नेमकं कुठे फसतं तेही सांगतो. पहिल्या आठवड्यात सुपरवायझर रकाने भरतात, दुसऱ्या आठवड्यात 'किती पैकी किती' रिकामं राहायला लागतं. कारण तो आकडा काढायला उठून मोजावं लागतं. म्हणून पाळी घेणाऱ्याने रजिस्टरवर सही करण्याआधी रिकामा रकाना तिथल्या तिथे भरून घ्यायचा, जाणारा अजून उभा असताना. तो गेटबाहेर पडला की आकडा गेला. दोघांनी मिळून चार-पाच मिनिटं, तीही रजिस्टर घेऊन त्या लाईनपाशी उभं राहून. केबिनमध्ये बसून झालेला हँडओव्हर हा बहुतेक वेळा नुसता गप्पांचा असतो.

---

मोजपट्टी:

वरच्या उत्तरातल्या 'किती पैकी किती'वर थोडं जास्त बोलायला हवं, कारण शिक्के तिथेच तयार होतात.

तुमचेच आकडे घेऊ. समजा महिन्यात २६ दिवस काम. कंपनीच्या ४८ माणसांच्या हजेऱ्या १२४८, ठेक्याच्या १६ जणांच्या ४१६. समजा उशिरा पंचिंग कंपनीचं २४ वेळा, ठेक्याचं ८ वेळा. दोन्हींचं प्रमाण दोन टक्क्यांच्या जरासं खाली, आणि अगदी सारखं. तरी कोणालाही विचारा, "ठेक्याची पोरं उशिरा येतात" हेच ऐकायला मिळेल.

असं का होतं यावर हॅमिल्टन आणि गिफर्ड या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९७६ साली एक साधा प्रयोग केला होता. लोकांना ३९ वाक्यं वाचायला दिली. 'अ' गटातल्या माणसांबद्दल २६, 'ब' गटाबद्दल १३. 'अ'मध्ये १८ चांगल्या वागण्याची आणि ८ वाईट, 'ब'मध्ये ९ चांगली आणि ४ वाईट. दोन्हीकडे प्रमाण ९ ला ४, तंतोतंत तेच. तरी वाचणाऱ्यांना नंतर वाटलं की वाईट वागणं 'ब'मध्ये जास्त आहे. लहान गट आधीच डोळ्यात भरतो, वाईट गोष्टही कमी घडते म्हणून डोळ्यात भरते. दोन्ही एकत्र आल्या की मनात गाठ पक्की बसते. यात कोणाच्या मनात द्वेष असायला लागत नाही. तुमचा सुपरवायझर खोटं बोलत नसतो, त्याला खरंच तसं आठवतं. म्हणून त्याला "तू भेदभाव करतो" म्हणून काही साधत नाही. हजेरीचा कागद समोर ठेवला तर साधतं.

दुसरा सापळा जास्त वाईट आहे, कारण तिथे आकडे शिक्क्याच्या बाजूने दिसतात. समजा नवी लाईन १% रिजेक्शन देते, जुनी ४%. पहिल्या पाळीत नव्या लाईनवर ८०० बॉक्स आणि जुनीवर २००. रिजेक्ट ८ अधिक ८, म्हणजे १६. हजारात १.६%. रात्री उलट: नवीवर २००, जुनीवर ८००. रिजेक्ट २ अधिक ३२, म्हणजे ३४. हजारात ३.४%. कागदावर रात्रपाळी दुप्पट खराब. प्रत्यक्षात प्रत्येक लाईनवर दोन्ही पाळ्यांचं काम सारखंच. तेव्हा पाळी किंवा माणसं यांची तुलना करण्याआधी मशीनप्रमाणे, मालाप्रमाणे (तीन प्लाय म्हणजे तीन थरांचे, पाच प्लाय म्हणजे पाच थरांचे, वेगळे) आकडे फोडा. इतकं करूनही फरक उरला तर तो खरा. मग शोधा की ट्रेनिंग कमी पडलं, उजेड कमी आहे की रात्री मेंटेनन्सचा माणूसच नसतो.

महिन्यातून एकदा असा एक कागद, एका पानाचा, सुपरवायझरांच्या बैठकीत. जास्त वेळा दाखवला तर कोणी बघत नाही.

---

तर्रीवाला:

एवढं मोजून-मापून बोलायचं म्हटलं तर बॉक्स कधी बनवायचे भाऊ? माणूस चिडला की बोलूनच जाते. आणि काही गोष्टी खऱ्या असतेत ना. जुलैमध्ये भंडारा-गोंदियाची पोरं सुट्टीवर जातेतच. आता हे बोललं तरी वांधा?

---

पाळीप्रमुख:

चिडून बोलणं कोणी थांबवू शकत नाही. रजिस्टरमध्ये लिहिणं थांबवता येतं, इतकंच म्हणणं होतं.

---

रोवणी_कॅलेंडर:

तर्रीवाला भाऊंचा जुलैचा मुद्दा सोडून देण्यासारखा नाही. सुट्ट्या पडतात हे खरं आहे. फक्त ते बोलायचं कसं आणि त्याचं करायचं काय, तिथे फरक पडतो.

भंडारा, गोंदिया, पलीकडे बालाघाट हा सगळा धानाचा पट्टा. पाऊस नीट लागला की रोवणी, म्हणजे भाताची लावणी, सुरू होते, आणि ती पाणी आहे तोवरच उरकावी लागते. घरचा हात नसला तर मजूर लावावा लागतो, आणि त्या दिवसांत गावात मजूर मिळत नाही कारण सगळ्यांचीच रोवणी असते. म्हणजे पोरगा पळून गेला नाही, तो दुसऱ्या कामावर गेला. "हे लोक टिकत नाहीत" म्हटलं की उपाय उरतो एकच, यांना घ्यायचं नाही. "जुलैमध्ये १६ पैकी ७ जणांची घरची रोवणी आहे" म्हटलं की उपाय सुचायला लागतात. मे महिन्यातच ठेकेदाराकडून यादी घ्या, कोणाची शेती आहे, अंदाजे किती दिवस. एका वेळी चारपेक्षा जास्त नाहीत असं आळीपाळीने बसवा. बदली माणसं जूनच्या मध्यापासून पेस्टिंगवर शिकायला लावा. पाऊस लांबला तर तारखा सरकणार, म्हणून यादी तारखांनी न लिहिता 'पहिली तुकडी, दुसरी तुकडी' अशी लिहा. कापणीच्या वेळी, ऑक्टोबर-नोव्हेंबरात, हाच प्रकार पुन्हा, आणि मध्ये पोळा व तान्हा पोळा येतातच.

पगार झाला की गायब होण्याचंही तसंच. पगार शनिवारी झाला तर गावाकडे पैसे घेऊन जाण्यासाठी रविवार-सोमवार जातोच. पगाराचा वार बदलून बघा आणि तीन महिने सोमवारची हजेरी मोजा.

"बाया ओव्हरटाइमला थांबत नाहीत" याचं उत्तर बहुतेक वेळा गेटबाहेर असतं. मेट्रो लोकमान्य नगरपर्यंत येते, पण तिथून युनिटच्या गेटपर्यंत आणि घराकडच्या स्टेशनपासून घरापर्यंत रात्री कसं जायचं? ओव्हरटाइम दुपारी चार वाजता सांगितला तर घरी फोन करून मुलांची सोय लावायलाही वेळ नसतो. आदल्या दिवशी सांगा, परतीची गाडी घरापर्यंत द्या, मग कोण थांबतं ते मोजा. त्याआधीचे आकडे बायकांबद्दल काही सांगत नाहीत, तुमच्या गाडीबद्दल सांगतात.

आणि मे महिना. पुण्या-मुंबईचा मालक किंवा ऑडिटर आला की हमखास म्हणतो, विदर्भातली माणसं दुपारी ढिली पडतात. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असतो, पत्र्याच्या शेडमध्ये कोरुगेटरच्या गरम रोलरशेजारी त्याहून वर. त्या दुपारी कोणत्याही गावचा माणूस ढिला पडेल. साहेबाला दीड वाजता अर्धा तास तिथे उभं करा, विषय संपतो. अवजड काम सकाळी ११ च्या आत उरकणं, १ ते ४ मध्ये दर तासाला सावलीत थोडी विश्रांती, लाईनपासून हाताच्या अंतरावर गार पाण्याचा कॅन. कूलर असेल तर त्याची हवा फलाटावर न लागता माणसावर लागते का ते बघा, हे नेहमी चुकतं.

---

हिंगणा_एचआर:

रजिस्टर आणि रोवणीची यादी, दोन्ही करता येईल. आणखी तीन गोष्टी अडतात.

एक, कॅन्टीनमध्ये तोंडावर कोणी बोललं तर तिथल्या तिथे काय म्हणायचं? टोकलं की उत्तर येतं, "मजाक करून राहिलो मॅडम, तुम्ही सिरीयस घेऊन राहिल्या." दोन, कधीकधी गोष्ट जातीवर जाते. 'कोट्यातला' वगैरे. तीन, सर्वांत जास्त शिक्के मालकच मारतात.

---

कलम_वाचक:

दुसऱ्या मुद्द्यापासून, कारण तिथे घोळ नको.

जातीवरून केलेली टोमणेबाजी 'मजाक' या खात्यात टाकू नका. अनुसूचित जाती आणि जमाती (अत्याचार प्रतिबंध) कायदा, १९८९ च्या कलम ३(१)(आर) प्रमाणे लोकांच्या नजरेस पडेल अशा ठिकाणी या समाजातल्या व्यक्तीचा अपमान व्हावा म्हणून मुद्दाम केलेला अपमान, आणि ३(१)(एस) प्रमाणे अशा ठिकाणी जातीवाचक शिवीगाळ, हे गुन्हे आहेत. करणारा स्वतः या समाजांतला नसावा लागतो. शिक्षा किमान सहा महिने, कमाल पाच वर्षं आणि दंड. एफआयआर नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशीची अट नाही. तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे जातो. प्रत्येक टोमणा या कलमात बसेलच असं नाही, ते पोलीस आणि कोर्ट ठरवतील. एचआरचं काम एवढंच की दोघांना समोरासमोर बसवून 'मिटवून टाका' म्हणायचं नाही. काय शब्द, कुठे, किती वाजता, कोण हजर, हे त्याच दिवशी लिहून घ्यायचं आणि ज्याला बोललं गेलं त्याला त्याचा मार्ग त्याने निवडायचा आहे हे सांगायचं. ज्या शहरात दीक्षाभूमी आहे तिथे अशोका विजयादशमीच्या सुट्टीवरून टोमणा मारणं किती जिव्हारी लागतं, हे सुपरवायझरला वेगळं शिकवावं लागू नये. पण लागतं.

बायकांबद्दलचं बोलणं लैंगिक शेरेबाजीकडे गेलं तर कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा लागतो. १० किंवा जास्त माणसं असली की अंतर्गत समिती हवीच. तक्रार तीन महिन्यांत, चौकशी ९० दिवसांत. ठेक्याच्या कामगार बायकाही या समितीकडे येऊ शकतात. समितीच्या फलकावर हे ठळक लिहा, कारण त्यांना वाटतं ते 'कंपनीवाल्यां'साठी आहे.

आता कॅन्टीन. ज्याच्याबद्दल बोललं जातंय तो समोर बसला असेल तर तिथेच, एका वाक्यात, आवाज न चढवता: "त्याचं काम मी बघितलं आहे, तसं नाही." बस्स, आणि पुढचा विषय. भाषण नको. तो समोर नसेल तर तिथे काही न बोलता त्याच पाळीत बोलणाऱ्याला बाजूला घ्या. दुसऱ्या दिवसावर टाकलं की त्याला आठवतच नाही.

विचारायचं काय? बरेच जण शिकवतात की "कोण? कोणत्या दिवशी?" असं विचारा. हे जपून. "ठेक्याची पोरं माल पाडतात" यावर "कोण?" विचारलं की समोरचा एक नाव फेकतो, आणि आता सोळा जणांऐवजी एका पोरावर बाण. आधी विचारा, "काय अडलं?" माल पडला, कुठे, ट्रॉली कोणती, चाक कसं आहे. काम कळलं की नाव बहुतेक वेळा लागतच नाही.

"मजाक करून राहिलो" यावर: "मला कळलं मजाक आहे. त्याला कळलं का?" एवढंच. उत्तराची वाट बघा. आणि बोलणाऱ्याच्या स्वभावावर जाऊ नका. "तुम्ही लोक असेच बोलता" असं एचआरच्या तोंडून गेलं तर आपणही तेच केलं.

मालकासाठी: त्यांच्या बोलण्याला बोट लावू नका, लगेच ताठ होतात. मोजपट्टींचा तो एक पानाचा कागद रिजेक्शनच्या रुपयांत दाखवा. सुटलेल्या कडेचे ३५ बॉक्स, दर बॉक्स किती, महिन्यात किती. गमाची बादली तपासली असती तर किती वाचले असते. मालकाला माणसांबद्दलचं मत बदलायला वेळ लागतो, गमाबद्दलचं लगेच बदलतं.

---

मोजपट्टी:

कौतुकाचे शिक्केही बघा. "बायकांचा हात बारीक कामाला चांगला" म्हणून त्यांना आयुष्यभर स्टिचिंगवर ठेवलं जातं आणि प्रिंटिंग मशीन शिकवलंच जात नाही. मग पाच वर्षांनी म्हणायचं, "एकही बाई ऑपरेटर होत नाही."

आणि कोणीतरी आता पिकनिक सुचवेल, म्हणून आधीच सांगतो. फुटाळा काय, रामटेक काय, कुठेही न्या, कंपनीचे एका बाजूला बसतील, ठेक्याचे दुसऱ्या. ऑलपोर्ट या मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्येच लिहून ठेवलं की नुसतं एकत्र येऊन पूर्वग्रह जात नाहीत. बरोबरीचा दर्जा हवा, एक काम हवं, ते एकमेकांशिवाय होऊ नये, आणि वरच्यांचा पाठिंबा हवा. हे चारही तुमच्याकडे साईज बदलताना, डाय बसवताना आयते मिळतात. चार जणांची टोळी करा, दोन रोलवरचे, दोन ठेक्याचे. टोळीप्रमुख दर पंधरा दिवसांनी बदला, त्यात ठेक्याचाही आला पाहिजे. बदलाची वेळ फळ्यावर टोळीच्या नावाने लिहा. टोळ्यांना नावं त्यांनाच ठरवू द्या, फक्त 'ठेका' आणि 'कंपनी' सोडून.

---

तर्रीवाला:

हेल्मेटचं बघा जरा. तिकडे ठेक्याचे पिवळे आन कंपनीचे निळे असतीन तर टोळीत टाकूनबी लांबूनच कळते कोण कोण आहे. आन पिवळा दिसला की "ए छोटू", निळा दिसला की "अहो भाऊ". पोराचं नावच कोणाला माहीत नसते.

---

पाळीप्रमुख:

हा मुद्दा पहिल्याच उत्तरात यायला हवा होता. हेल्मेटचा रंग कामाप्रमाणे ठेवा: ऑपरेटर, हेल्पर, मेंटेनन्स, पाहुणा. कोणाच्या रोलवर आहे त्याप्रमाणे नको. पुढच्या बाजूला पहिलं नाव देवनागरीत, जाड मार्करने, अक्षर इंचभर उंच, म्हणजे दहा-बारा फुटांवरून वाचता येईल. घामाने आणि हाताळून मार्कर पुसतो, वर पारदर्शक टेप लावा. नवा मुलगा आला की त्याचं नाव पहिल्याच दिवशी टाका. आठवडाभर बिननावाचा राहिला की तो छोटू होतो, आणि मग ते नाव पुसायला टेप-मार्कर पुरत नाही.

---

हिंगणा_एचआर:

६४ हेल्मेटपैकी १६ पिवळेच आहेत. सोमवारी आधी मार्कर, मग रजिस्टर. गम कपाचं वाचन रात्री ११ ला घ्यायचं की दुसऱ्या पाळीने जाताना १०:४५ ला?

---

पाळीप्रमुख:

१०:४५ ला, दोन्ही ऑपरेटर कपापाशी उभे असताना. एकाने कप धरायचा, दुसऱ्याने घड्याळ बघायचं, आणि आकड्याखाली दोघांची सही.